मोजलेली झाडं तुटली, आता पुढे काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

दक्षिण कोकणातल्या एका गावातली २६ वर्षांची तरुणी लिहिते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर तीन वर्षं तिने एका संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून काम केलं. सह्याद्रीच्या पायथ्याला, खासगी मालकीच्या जंगलात आखलेल्या तुकड्यांमधल्या झाडांना नंबर लावायचे, दरवर्षी बुंधे मोजायचे, फुलाफळांच्या नोंदी ठेवायच्या, असं ते काम. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यातला एक तुकडा मालकाने ठेकेदाराला विकला आणि तोड झाली. ‘त्यांच्या ओटीवर बसून मी कितीदा चहा प्यायले. एक फोनसुद्धा केला नाही त्यांनी,’ असं ती लिहिते. आता तिला एका युरोपीय विद्यापीठात पीएच.डी.ची जागा मिळाली आहे. प्रत्यक्ष काम पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर असेल आणि सप्टेंबरात रुजू व्हायचं आहे. दुसरीकडे वनसेवेच्या परीक्षेची तयारीही सुरू आहे. ‘जंगल डोळ्यांदेखत जात असताना झाडं मोजत बसणं हा पळपुटेपणा वाटतो. आणि तिकडे गेले तर इथल्या जंगलाला पाठ दाखवल्यासारखं होईल. पण खरं संशोधन तर तिकडेच होतं ना? बाबा विचारतात, तीन वर्षं झाडं मोजलीस, त्यातून निघालं काय? मला उत्तर देता येत नाही,’ असं तिचं म्हणणं.

उत्तर:

जे झाड आपण तीन वर्षं ओळीने मोजलं, ज्याच्या बुंध्यावरची गाठ हाताला पाठ झाली आहे, त्याचा ओंडका रस्त्याकडेला पडलेला बघणं फार जड जातं. ‘अभ्यासकाने इतकं भावनिक होऊ नये’ असं तुम्हाला कुणी म्हटलं असेल, तर ते मनावर घेऊ नका. या कामात वर्षानुवर्षं टिकून राहिलेली जी माणसं मला माहीत आहेत, ती सगळी आपापल्या झाडांत अशीच गुंतलेली आहेत.

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला मुळातच पटली नाही. झाडं तुटली म्हणजे तीन वर्षांचं काम वाया गेलं, असं तुम्ही धरूनच चालला आहात. बाबांना उत्तर देता येत नाही तेही त्यामुळेच. मला याच्या नेमकं उलट वाटतं, म्हणून आधी त्याबद्दल.

कोकणात खासगी जंगलाची तोड पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण तोडीच्या आधी तिथे कोणतं झाड नेमकं कुठे होतं, किती जाड होतं, कधी फुलत होतं, याची नोंद किती ठिकाणी असेल? जवळजवळ कुठेच नाही. तुमच्या तुकड्याची ती आहे. तोड होऊन एक पावसाळा उलटला आहे. म्हणजे खुंटांना फुटवे आले असतील, काही खुंट मेले असतील, उघड्या पडलेल्या जमिनीवर रानमोडीचं तण शिरलं असेल, आणि सावलीत वाढलेली रोपं एकदम उन्हात आल्यावर एकतर करपली असतील किंवा जोरात उठली असतील. ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं खुंटातून जोमाने फुटतात हे गावात कुणीही सांगेल. बाकीच्या सदाहरित जातींचं काय? कोणती परत येते आणि कोणती कायमची जाते? किती जाडीपर्यंतचा खुंट फुटतो? या प्रश्नांना तुमच्याइतकं नेमकं उत्तर देऊ शकणारी माणसं फार थोडी आहेत, कारण ‘आधी’चे आकडे तुमच्या वहीत आहेत.

एक अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. पत्र्याचे नंबर साधारण छातीच्या उंचीच्या आसपास ठोकलेले असतात, त्यामुळे ते ओंडक्यांबरोबर ट्रकमध्ये गेले. खुंटावर नंबर नाही. पण तुकड्याचा नकाशा तुमच्याकडे आहे, कोपऱ्यापासूनची अंतरं आहेत. एक टेप, एक कंपास आणि तिथल्या लाकडाची ओळख असलेला एक माणूस सोबत घेतला, तर बहुतेक खुंटांची नावं लागतील. कापलेल्या जागी सालीचा काठ, लाकडाचा रंग आणि वास यांवरून गावातले जाणते लोक जी जात सांगतात ती सहसा चुकत नाही. तोड करणाऱ्या टोळीतलाच एखादा माणूस सोबत आला तर सगळ्यात बरं. प्रत्येक खुंटाचा व्यास, कापल्याची उंची, जिवंत फुटवे किती, सगळ्यात उंच फुटवा केवढा, गुरांनी खाल्लेले किती, एवढं लिहून घ्या. पेनने नको, पेन्सिलनेच. जूनच्या आत हे उरकलं पाहिजे. नंतर तिथे गवत आणि रानमोडी इतकी माजेल की खुंट सापडणार नाहीत. आणि सुरुवात करण्याआधी प्रकल्पप्रमुखांशी बोला. ती माहिती प्रकल्पाची आहे, त्यामुळे त्यातून जो शोधनिबंध होईल त्यात तुमचं नाव कुठे असेल हे आत्ताच, लेखी ठरवून घ्या. सहायकांनी गोळा केलेल्या माहितीवर दुसऱ्यांचीच नावं लागलेली मी बरीच पाहिली आहेत. इथे संकोच करू नका.

तुम्ही ज्या बेटावर जायचं म्हणता, त्याची गोष्ट इथे फार उपयोगी आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गातून तलाव भरला आणि त्यात बुडता बुडता राहिलेला डोंगरमाथा म्हणजे बारो कोलोराडो. १९२३ साली तो राखीव झाला. १९८० साली स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या परिसरशास्त्रज्ञांनी तिथे ५० हेक्टरचा तुकडा आखला आणि एक सेंटिमीटरपेक्षा जाड असलेलं प्रत्येक झाड मोजायला घेतलं. दोन लाखांहून जास्त खोडं, ३०० च्या आसपास जाती. पहिली मोजणी उरकते न उरकते तोच १९८२-८३ चा एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून हवामान बिघडवणारा फेरा, आला आणि बेटावर भयंकर कोरडा उन्हाळा पडला. १९८५ साली पुन्हा मोजणी झाली तेव्हा दिसलं की झाडं नेहमीपेक्षा जास्त मेली आहेत, मोठी झाडं विशेष, आणि ओलसर उतारांवर जगणाऱ्या कित्येक जाती घटणीला लागल्या आहेत. दुष्काळ मोजायचा म्हणून कुणी तिथे गेलं नव्हतं. पण आधीची मोजणी तयार होती, म्हणून उष्णकटिबंधातलं दाट जंगल एका कोरड्या वर्षाने कसं बदलतं हे आकड्यांत सांगता आलं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलातही तसंच. तिथे १९८८ मध्ये रामन सुकुमार आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० हेक्टरचा तुकडा आखला. पुढच्या काही वर्षांत हत्तींनी त्यातली वारंगाची झाडं मोडून मोडून जवळपास संपवली. किती होती हे माहीत होतं, म्हणून किती गेली हे कळलं.

तेव्हा बाबांना सांगा की त्या तुकड्यात आधी काय होतं हे तुम्ही नोंदवून ठेवलं आणि आता काय उरलं ते मोजणार आहात. तीन वर्षांतून निघालं ते हे.

आता मालक. तुमच्या रागाचं मूळ चहात आहे, असं मला वाटतं. ओळख झाली, आपलेपणा झाला, तरी त्यांनी विकलं. पण एक विचारते: त्या जंगलाचे त्यांना किती पैसे मिळाले आणि कशासाठी लागले, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? पत्रात ते कुठेच नाही. खासगी जंगलाचा मालक म्हणजे बहुतेकदा दहा-वीस नावं असलेल्या सातबाऱ्यावरचं एक नाव. मुंबईतले भाऊबंद वाटणी मागतात, घरात आजारपण निघतं, ठेकेदार रोख उक्ती रक्कम टेकवतो आणि सौदा होतो. त्यांच्या जमिनीतून तुम्ही तीन वर्षं माहिती नेलीत. त्यांना त्यातून काय मिळालं? हा आरोप नाही. आपण सगळेच जंगलात जाताना जंगलाचा विचार करतो आणि सातबाऱ्यावरच्या माणसांचा विचार मागाहून करतो. पुण्याची ‘एईआरएफ’ ही संस्था संगमेश्वर भागात मालकांशी करार करून जंगल राखण्याचं काम करते. हिरडा-बेहड्याला प्रमाणपत्र मिळवून देऊन त्याला चांगला भाव मिळावा अशी खटपट करते. बेहड्याची जुनी, पोकळ झाडं हे महाधनेश पक्ष्याचं घरटं. ते झाड उभं ठेवण्यात मालकालाही काही मिळायला हवं, हा त्यामागचा हिशेब. हे सगळीकडे जमेल असं नाही. पण उरलेल्या तुकड्यांच्या मालकांकडे एकदा जा आणि तीन वर्षांत काय सापडलं ते मराठीत, दोन पानांत लिहून त्यांच्या हातात द्या. तुमच्या जंगलात एवढ्या जाती आहेत, हे झाड अंदाजे एवढं जुनं, ते या महिन्यात फळतं आणि तेव्हा त्यावर हे पक्षी येतात, असं.

‘मोजणं म्हणजे पळपुटेपणा’ हा तुमचा सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रश्न. मोजणारे वेगळे आणि वाचवणारे वेगळे असं तुम्ही समजता. ज्यांची कामं मी बारकाईने पाहिली, त्यांच्या आयुष्यात ही फाळणी दिसत नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनियल जान्झेन १९६० च्या दशकात कोस्टा रिकात गेले ते बियांचा आणि बिया खाणाऱ्या किड्यांचा अभ्यास करायला. झाडाच्या जवळ पडलेलं बी सहसा का जगत नाही, असले प्रश्न. १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की ज्या कोरड्या जंगलात आपण हे करतो ते वणव्यांनी आणि चराईने संपत आलं आहे. त्यांनी आणि विनी हॉलवॉक्स यांनी कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते भागात जंगल परत आणण्याचं काम हातात घेतलं, वणवे थांबवले, आजूबाजूच्या गावांतल्या माणसांना कीटक आणि वनस्पती ओळखण्याचं शिक्षण देऊन कामावर घेतलं. बी कोण नेतं, कुठे टाकतं, कोणतं रोप कुठे तगतं हे आधीच्या वर्षांत मोजलेलं असल्यामुळेच कुठे नुसती आग थांबवली की पुरे, हे त्यांना ठरवता आलं. आपल्याकडे तमिळनाडूतल्या अन्नमलई डोंगरांत, वालपराईच्या चहामळ्यांमधल्या जंगलाच्या तुकड्यांत, दिव्या मुदप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी कंपन्यांच्या खासगी जमिनीवर स्थानिक जातींची रोपं लावून वर्षावन सावरण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. तेही दोघं मुळात अभ्यासकच. तुमचा प्रश्नही खासगी जमिनीचाच आहे, म्हणून त्यांचं काम जरूर वाचा.

आता ‘खरं संशोधन तिकडेच होतं’. हे कुठून आलं ते कळतं. पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक उदाहरण अमेझॉनचं, पनामाचं नाहीतर बोर्निओचं. पण तुमच्या घरामागचं जंगलही तितकंच उष्णकटिबंधीय आहे आणि एका बाबतीत जास्त चमत्कारिक. बारो कोलोराडोवर वर्षाला सुमारे २,६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोरडा काळ साधारण चार महिन्यांचा. आंबोलीत सात हजारांच्या घरात पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. पुढचे सात-आठ महिने कोरडे. एवढा लांब उन्हाळा काढून अंजन, जांभूळ, पिसा ही झाडं हिरवी राहतात कशी? मुळं किती खोल जातात, डोंगरावरच्या धुक्याचा त्यांना किती आधार, जांभ्या कातळातलं पाणी मार्चपर्यंत पुरतं का? उन्हाळे लांबत गेले तर यांतलं कोण आधी हार मानेल? बारो कोलोराडोवर दुष्काळाचा अभ्यास चाळीस वर्षं चालला आहे. तिथे शिकायची पद्धत आणि इथला प्रश्न, हे एकमेकांना सोडून नाहीत.

म्हणून माझं मत असं: पीएच.डी. घ्या, जा. पण जाण्याआधी मार्गदर्शकांना एक पत्र लिहा आणि प्रबंधातलं एक प्रकरण सह्याद्रीतल्या माहितीवर करता येईल का, असं विचारा. तोडलेल्या तुकड्याची फेरमोजणी हे त्या प्रकरणाचं बीज आहे. चांगला मार्गदर्शक याने खूश होईल. जो ‘छे, आपल्या प्रकल्पात हे बसत नाही’ म्हणून झटकून टाकेल, त्याच्याबरोबर चार वर्षं काढायची का, याचा तरी विचार करता येईल. आणि पाठ दाखवण्याचं म्हणाल, तर माधव गाडगीळ हार्वर्डला गणिती परिसरशास्त्र शिकले, १९७१ मध्ये परत आले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करायला डोंगर चढू लागले. पुढे बंगळुरूत त्यांनी परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं. लांब जाण्यात काही वाईट नाही. परत कशासाठी यायचं हे जाताना ठाऊक असलं की झालं.

जागा हुकली किंवा घरच्या अडचणीमुळे जाता आलं नाही, तरी इथे दारं आहेत, आणि हे तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही सांगते. बंगळुरूच्या एनसीबीएस आणि एट्री या संशोधन संस्था, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, म्हैसूरचं नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, पुद्दुचेरीची फ्रेंच संस्था, या ठिकाणी उष्णकटिबंधातल्या जंगलांवर भक्कम काम चालतं. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार रुपये आणि घरभाडं मिळतं. श्रीमंती नाही, पण स्वतःच्या पायावर उभं राहता येतं. पीएच.डी.नंतरचं चित्र मात्र गुळगुळीत करून सांगणार नाही. कायमच्या नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तिशी ओलांडेपर्यंत प्रकल्पामागून प्रकल्प, निधीमागून निधी अशीच गत असते. ज्यांच्या घरी लगेच पैशांची गरज आहे त्यांनी वनसेवेला दुय्यम समजू नये. वनक्षेत्रपालाच्या खुर्चीवर बसलेल्या, झाडं ओळखणाऱ्या माणसाच्या हातात रोजच्या रोज जे असतं ते संशोधकाच्या हातात कधीच नसतं. फक्त बदल्या होतात, आणि एकाच जंगलाकडे वीस वर्षं बघत राहण्याची तुमची ओढ तिथे पुरी होणार नाही. तुमचं पत्र वाचून मला वाटलं की ती ओढ तुमच्यात आहे. फुलाफळांच्या नोंदींबद्दल तुम्ही ज्या आनंदाने लिहिलंय, तो आनंद रटाळ मोजणीतही टिकला हीच खूण. या कामाचा बराच भाग रटाळच असतो. अर्धा दिवस जळवा काढण्यात जातो, आणि मोजलेलं पुन्हा मोजायचं असतं. हे आपल्याला सोसेल का, याची ज्यांना खात्री नाही त्यांनी आधी एक वर्ष सहायक म्हणून काम करून बघावं आणि मग पीएच.डी.चा विचार करावा.

राहिले बाबा. त्यांचा ‘निघालं काय’ हा प्रश्न वरवरचा आहे असं मला वाटतं. आतला प्रश्न असा असावा की मुलगी परक्या देशात, जंगलात, कोणाच्या भरवशावर राहणार. त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नका, कागद दाखवा. मार्गदर्शकांना आणि तिथल्या आधीच्या विद्यार्थिनींना विचारून घ्या: पगार किती आणि किती वर्षं लेखी आहे, आरोग्य विमा कोणाचा, बेटावर राहायची सोय काय, जंगलात एकटं पाठवतात का, साप चावला तर जवळचं रुग्णालय किती वेळात, वर्षातून एकदा घरी येण्याचा खर्च कोण देतं, त्रास झाला तर तक्रार कोणाकडे करायची. हेच प्रश्न भारतातल्या जंगलात चालणाऱ्या संशोधन-शिबिरालाही विचारायचे. कामानिमित्त ज्या ज्या ठिकाणी जावं लागतं ते सगळं कामाचं ठिकाणच, असं २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा सांगतो, त्यामुळे ‘जंगलात कुठली तक्रार समिती’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. आधीच्या विद्यार्थिनींशी फोनवर बोला, ईमेलवर नको. माणसं ज्या गोष्टी लिहीत नाहीत त्या बोलून दाखवतात. जमलं तर त्यांतल्या एकीला बाबांशीही दोन मिनिटं बोलू द्या. आणि रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येते का ते मार्गदर्शकांना लिहायच्या पत्रातच विचारून टाका. सप्टेंबरऐवजी जानेवारी मिळाला, तर पावसाळ्यानंतर त्या तुकड्याची दुसरी मोजणीही तुमच्याच हातून होईल.